रस्त्यातल्या देवाची फाइल

पिंपळाच्या बुंध्याशी एका दगडाला शेंदूर लागतो, त्या दिवशी कुठल्याही कार्यालयात नोंद होत नाही. महिन्याभरात दगडाखाली विटांचा चौथरा येतो. पावसाळ्याआधी वर पत्रा चढतो. मग कुणाच्या तरी घरी उरलेल्या लाद्या बसतात, लोखंडी जाळी येते, जाळीला कुलूप लागते आणि कुलपाशेजारी दानपेटी. वर्धापनदिनाला भंडारा होतो. फ्लेक्सवर खाली मंडळाच्या कार्यकर्त्यांचे पासपोर्ट फोटो आणि वर, चौपट आकारात, नगरसेवक. निवडणुकीच्या तोंडावर सभामंडप उभा राहतो आणि त्यावर पाटी लागते, अमुक साहेबांच्या निधीतून. तोवर पदपथ संपलेला असतो आणि शाळेतून येणारी पोरे बसच्या चाकाला खेटून चालत असतात.

दगडाच्या जागी हिरवी चादर असेल, क्रूस असेल, निळा किंवा भगवा झेंडा असेल. क्रम फारसा बदलत नाही. कित्येकदा सुरुवातीला भक्तीही नसते. कंपाउंडच्या भिंतीवर कुणी थुंकू नये, लघवी करू नये म्हणून सोसायटी देवांच्या टाइल्स बसवते. त्यातल्या एखाद्या टाइलपुढे वर्षभराने उदबत्ती लागते, आणि पुढचे सगळे आपोआप घडत जाते.

सार्वजनिक जागेवरच्या प्रार्थनास्थळांचा वाद पेपरात येतो तो जेसीबी दारात उभा राहिल्यावर. त्यामुळे तो श्रद्धा विरुद्ध कायदा किंवा हा धर्म विरुद्ध तो धर्म असा दिसतो. अतिक्रमण विभागाच्या टेबलावर मात्र तो फार कोरडा असतो. जमीन कुणाची, बांधकाम कधीचे, परवानगी कुणी दिली, एवढेच तिथे विचारले जाते. या प्रश्नांना वेळेवर उत्तर न देण्यात गेल्या साठेक वर्षांत आपल्या पालिकांनी जे प्रावीण्य मिळवले, त्यातून आजचे बहुतेक वाद जन्मले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी जमीन. ‘सरकारी जागा’ असे आपण सरसकट म्हणतो, पण सरकारी जागेचेही मालक वेगवेगळे असतात आणि मालक बदलला की कायदा बदलतो. मुंबईतला रस्ता किंवा पदपथ असेल तर 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम 314 लागते. रस्त्यात उभे केलेले काहीही नोटीस न देता उचलण्याचा अधिकार ते आयुक्तांना देते. बाकीच्या महापालिकांत हेच काम 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाचे कलम 231 करते. गावात ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम 53, शासनाच्या जमिनीवर महसूल संहितेचे कलम 50, आणि विनापरवाना बांधकामाला 1966 चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. त्याखेरीज वनखात्याची जमीन वेगळी, रेल्वेची वेगळी, किनारपट्टीची वेगळी. एखादे देऊळ अर्धे महापालिकेच्या रस्त्यावर आणि अर्धे रेल्वेच्या हद्दीत असले, की दोन्ही खाती एकमेकांना पत्रे लिहीत बसतात. तेवढ्या काळात कळस चढतो.

नोटीस आली की मंडळाचे लोक जाडजूड फाइल घेऊन वॉर्ड ऑफिसात येतात. तिच्यात काय असते? धर्मादाय आयुक्तांकडचे नोंदणी प्रमाणपत्र, वीजबिल, मालमत्ता कराच्या पावत्या, आमदारांचे शिफारसपत्र आणि काकड आरतीच्या बातमीचे कात्रण. हे सगळे खरे असते, आणि जमिनीच्या प्रश्नावर यातले काहीच उपयोगाचे नसते. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंद होते ती न्यासाची. विश्वस्तांनी अर्जात जी मिळकत सांगितली ती तिथल्या नोंदवहीत चढते, पण म्हणून पदपथ न्यासाच्या मालकीचा होत नाही. वीज कंपनी मीटर देते ते विजेचे पैसे वसूल करायला. कराच्या पावतीचे तर कायद्यातच लिहून ठेवले आहे. बेकायदा बांधकामावर शास्ती लावणारे 1949 च्या अधिनियमातले कलम 267-अ सांगते, की कर आणि शास्ती घेतली म्हणून बांधकाम नियमित झाले असे समजू नये. तरीही पावती लॅमिनेट करून गाभाऱ्याशेजारी लावलेली मी पाहिली आहे.

उपयोगी पडतात ते कागद बहुधा कंटाळवाणे दिसतात. सातबारा, मालमत्ता पत्रक, नगर भूमापनाचा नकाशा, त्या वेळची चौकशी नोंदवही, जुनी सनद. इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. खऱ्या जुन्या देवस्थानांचे कागद पुष्कळदा उत्तम असतात. पेशवाईत दिलेली इनामे इंग्रजांनी तपासली, नोंदवहीत घातली, आणि ‘देवस्थान इनाम वर्ग 3’ हा शेरा आजही हजारो सातबाऱ्यांवर आहे. वेशीवरच्या मारुतीला बांधकाम परवाना विचारणे हास्यास्पद आहे, कारण परवाना देणारी संस्थाच त्याच्यानंतर शे-दोनशे वर्षांनी जन्मली. हा मारुती आणि काल ट्रॅफिक आयलंडवर बसवलेला मारुती यांना एकाच यादीत, एकाच ‘अनधिकृत’ या रकान्यात टाकल्यावर लोक चिडतात, आणि त्यांचे चिडणे बरोबर असते.

देव स्वतः जमिनीचा मालक असू शकतो का? हिंदू कायद्यात असू शकतो. मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, ती मालमत्ता धारण करते, विश्वस्तांमार्फत दावा लावते. प्रिव्ही कौन्सिलने 1925 मध्ये कोलकात्याच्या मलिक घराण्याच्या खटल्यात हे ठामपणे मांडले. पण देवाकडे येते ते कुणीतरी दिलेले असते, आणि देणाऱ्याकडे ते आधी असावे लागते. महापालिकेचा रस्ता मंडळाला देवाच्या नावे अर्पण करता येत नाही. वक्फचे मूळ तत्त्व हेच: वक्फ करणारा जमिनीचा मालक हवा. त्याला एक जुनी पुरवणी होती. पिढ्यान्पिढ्या नमाज किंवा दफन होत आलेली जागा केवळ वापरावरून वक्फ मानली जाई. 2025 च्या दुरुस्तीने पुढच्या काळासाठी ही वाट बंद केली. आधी नोंदलेल्या अशा जागा कायम ठेवल्या, पण जिथे वाद आहे किंवा जमीन सरकारी आहे तिथे ते संरक्षण दिले नाही. या दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे.

राहिला वहिवाटीचा मुद्दा. ‘पन्नास वर्षे आम्ही इथे आहोत’ हे वाक्य प्रत्येक सुनावणीत येते. मुदतीच्या कायद्यानुसार खासगी मालकाविरुद्ध बारा वर्षांचा उघड, सलग, विरोधी कब्जा असेल तर मालकाचा हक्क बुडतो. सरकारविरुद्ध ही मुदत तीस वर्षांची आहे. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात हा दावा करताना आधी कबूल करावे लागते, की जमीन दुसऱ्याची होती आणि आम्ही ती त्याला न जुमानता बळकावली. स्वयंभू देवस्थानाच्या विश्वस्तांना हे कोर्टात लेखी देणे जड जाते.

आता तारखा. या विषयातली सगळ्यात महत्त्वाची तारीख 29 सप्टेंबर 2009 आहे, आणि तिची गोष्ट गुजरातेत सुरू होते. 1 मे 2006 रोजी वडोदऱ्यात, म्हणजे सयाजीरावांच्या बडोद्यात, रस्तारुंदीसाठी जुन्या शहरातला एक दर्गा महापालिकेने पाडला. दंगल उसळली, माणसे मेली, लष्कर बोलवावे लागले. त्याच सुमारास गुजरात उच्च न्यायालयाने वृत्तपत्रातल्या बातमीची स्वतःहून दखल घेतली आणि रस्त्यांवरची धार्मिक अतिक्रमणे भेदभाव न करता ताबडतोब काढा, असा आदेश दिला. कायदा-सुव्यवस्थेच्या धास्तीने केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात धावले आणि दोनच दिवसांत त्या आदेशाला स्थगिती मिळाली. केंद्र सरकार विरुद्ध गुजरात राज्य असे ते प्रकरण. एका राज्यातल्या एका आदेशावरचे हे अपील हळूहळू साऱ्या देशाचे झाले. सगळ्या राज्यांना नोटिसा गेल्या, मुख्य सचिवांच्या बैठका झाल्या.

2009 च्या त्या दिवशी न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. त्यात दोन भाग होते. रस्ते, उद्याने किंवा इतर सार्वजनिक जागांवर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा या नावाने यापुढे एकही अनधिकृत बांधकाम होता कामा नये, आणि ती जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची. जे आधीच उभे आहे त्याबाबत राज्यांनी प्रकरणागणिक विचार करून शक्य तितक्या लवकर निर्णय घ्यावा. पहिला भाग कडक आहे. दुसऱ्या भागातल्या ‘शक्य तितक्या लवकर’ या शब्दांनी पुढची पंधरा वर्षे खाल्ली. 2018 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने देखरेखीचे काम उच्च न्यायालयांकडे सोपवून आपल्यापुरते हे प्रकरण मिटवले.

महाराष्ट्राने 5 मे 2011 रोजी गृह विभागाचा शासन निर्णय काढला. जुन्या बांधकामांचे तीन वर्ग केले: ‘अ’ म्हणजे नियमित करायची, ‘ब’ म्हणजे निष्कासित करायची, ‘क’ म्हणजे दुसरीकडे हलवायची. महापालिका, जिल्हा आणि राज्य अशा समित्या नेमल्या. नियमित करण्यासाठी एक जुनी रेघ आखली ती 1 मे 1960 ची. त्याआधीच्या आणि लोकमान्यता असलेल्या स्थळांचा विचार व्हावा, असे धोरण. 1960 च का? राज्याची स्थापना त्या दिवशी झाली म्हणून. देवळाच्या वयाशी किंवा रहदारीशी या तारखेचा काडीचा संबंध नाही. पण प्रशासनाला कुठेतरी रेघ मारावीच लागते, आणि ही रेघ निदान कुणा एका धर्माच्या सोयीची नाही.

आपले देऊळ 1960 पूर्वीचे आहे हे सिद्ध कसे करायचे? नगर भूमापनाच्या जुन्या नकाशात ते दाखवलेले असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर जुनी छायाचित्रे, जुन्या गॅझेटियरमधला उल्लेख, कुणाचे तरी वडिलोपार्जित दानपत्र. मुंबईत वांद्रे, गिरगाव या भागांत रस्त्याच्या कडेला जे क्रूस दिसतात, त्यांनी हा पुरावा स्वतःच्या अंगावर बाळगला आहे. 1896 मध्ये शहरात प्लेग आला, वाड्यावाड्यांतून माणसे मरू लागली, आणि साथ टळावी म्हणून लोकांनी क्रूस उभारले. पुष्कळांच्या चौथऱ्यावर वर्ष कोरलेले आहे. ज्या रस्त्यावर आज ते ‘अडथळा’ ठरतात, तो रस्ता कित्येकदा त्यांच्यानंतर रुंद झाला. अशा जागी कुणी कुणावर अतिक्रमण केले, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

शासन निर्णय निघाला, याद्या मात्र रेंगाळल्या. ‘सोसायटी फॉर फास्ट जस्टिस’ या संस्थेची जनहित याचिका 2010 पासून मुंबई उच्च न्यायालयात होती. न्यायालयाने वारंवार फटकारल्यावर महापालिकांना 2017 च्या अखेरीची मुदत पडली. मग जे होते ते झाले. सहा वर्षे हालचाल न केलेल्या यंत्रणेने शेवटच्या काही महिन्यांत हातोडा उचलला. नाशिक, नागपूर इथे 2017-18 मध्ये मोहिमा निघाल्या, लोक रस्त्यावर आले, नगरसेवक आयुक्तांच्या अंगावर धावले, महासभांनी ठराव केले. नागपूर खंडपीठाने तर हरकत घ्यायची असेल तर आधी अनामत रक्कम भरा, असे सांगितले.

मुळात नियमांप्रमाणे व्हायला हवे ते असे. महापालिका प्रभागनिहाय यादी तयार करते, वर्तमानपत्रात जाहीर करते, हरकती-सूचना मागवते. ‘क्र., धार्मिक स्थळाचे नाव, पत्ता, जागेची मालकी, क्षेत्रफळ, बांधकामाचे अंदाजे वर्ष, वर्ग’ असे रकाने. ‘अंदाजे वर्ष’ हा यातला सगळ्यात निसरडा रकाना. प्रभागाचा अभियंता जाऊन शेजारच्या पानवाल्याला विचारतो आणि लिहितो. पानवाला स्वतः भक्त असला तर देऊळ एकदम जुने होते.

ज्यांनी पाडकाम जवळून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे, की ते पहाटे होते. रात्री दोनला बंदोबस्त गोळा होतो, आजूबाजूच्या गल्ल्या बंद केल्या जातात, महावितरणचा माणूस जोड तोडतो. आधी पंचनामा: मूर्ती एक, पितळी समया दोन, घंटा एक, दानपेटी कुलूपबंद एक. पथकातलाच एखादा कर्मचारी चप्पल काढून आत जातो, हात जोडतो, मूर्ती कोऱ्या कापडात गुंडाळतो आणि गाडीत ठेवतो. नंतर जेसीबी पुढे सरकतो. तासाभरात सगळे संपते; सकाळी दूधवाल्याला मोकळा पदपथ दिसतो आणि दहा वाजता मोर्चा येतो.

स्थलांतराला मात्र धर्मशास्त्राचीच वाट आहे, आणि शहाणे अधिकारी ती वापरतात. प्रतिष्ठित मूर्ती हलवायची तर कलाकर्षण करतात. म्हणजे मूर्तीतले दैवी तत्त्व मंत्रांनी कलशात घेतात, मूर्ती नव्या जागी नेतात, पुन्हा प्राणप्रतिष्ठा करतात. जीर्णोद्धारात हे पूर्वापार होत आले आहे. क्रूसही चर्चच्या संमतीने कंपाउंडच्या आत सरकवता येतो. कबरीचे प्रकरण अवघड, कारण तिथे माणूस पुरलेला असतो. पण पुष्कळ ठिकाणी वाद खुद्द कबरीचा नसतोच. तो तिच्याभोवती वाढलेल्या खोल्यांचा, दुकानांचा असतो.

हाजीअलीचे उदाहरण घ्या. समुद्रातल्या या दर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेवर आणि भोवती अतिक्रमण झाले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा, 2017 मध्ये, दर्ग्याच्या न्यासाने स्वतःच ते काढून टाकायची तयारी दाखवली. 908 चौरस मीटरपैकी 171 चौरस मीटरवरची मशीद वगळून बाकीचे हटवायचे ठरले. त्यावरून शहरात दगड उचलला गेला नाही. या बातमीला मथळेही छोटे मिळाले, ते ओघानेच आले.

प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या कबरीभोवतीची बांधकामे 10 नोव्हेंबर 2022 रोजी पाडली गेली. ती वनजमिनीवर होती, उच्च न्यायालयाचा आदेश आधीच होता, आणि मूळ कबरीला धक्का लागलेला नाही असा अहवाल पुढे सर्वोच्च न्यायालयात सादर झाला. कायद्याच्या कसोटीवर कारवाई टिकणारी. पण तारीख? शिवप्रतापदिन. प्रशासनाला वर्षातल्या 365 दिवसांत नेमका तोच दिवस सापडला. माहीमच्या समुद्रातल्या बांधकामाचेही तसेच. 22 मार्च 2023 ला गुढीपाडव्याच्या सभेत राज ठाकरे यांनी त्याची चित्रफीत दाखवून इशारा दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पालिकेचे पथक तिथे हजर. बांधकाम बेकायदा असेल तर ते पाडणे योग्यच. पण व्यासपीठावरून बोलल्याशिवाय जी फाइल हलत नाही आणि बोलल्यावर बारा तासांत धावते, त्या फाइलवर दुसऱ्या बाजूच्या माणसाने विश्वास का ठेवावा? उलट बाजूने पाहा. खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचनांत प्रार्थनास्थळांच्या आवारातल्या कामांना मनाई आहे. म्हणून पाटीवर ‘सामाजिक सभागृह’ लिहितात, आत घंटा टांगलेली असते, आणि ती कुणालाच दिसत नाही.

नाशिकच्या काठे गल्लीतल्या सातपीर दर्ग्याचे प्रकरण एप्रिल 2025 चे. महापालिकेने नोटीस दिली, न्यासाने उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, सुनावणी मिळेना म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. 15 एप्रिलच्या रात्री जमाव जमला, दगडफेक झाली, पोलीस जखमी झाले. पहाटे बांधकाम पाडले गेले आणि त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. स्थगितीचा कागद पोहोचला तेव्हा स्थगित करण्यासारखे काही उरले नव्हते. दर्गा कायदेशीर होता की नव्हता, हा प्रश्न त्या दगडफेकीत आणि घाईत कायमचा अर्धवट राहिला.

इथे नोटिशीचा मुद्दा येतो. पदपथावरच्या झोपड्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात, 1985 मध्ये, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. पदपथ चालणाऱ्यांसाठी आहे, तिथे कायम ठाण मांडायचा हक्क कुणालाही नाही. आणि विनानोटीस हटवायचा अधिकार कायद्याने दिला असला तरी तो अपवाद म्हणून वापरावा. माणसाचे ऐकून घेणे हा नियम. त्या लोकांना न्यायालयाने पावसाळा संपल्यानंतर महिनाभर, म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत, अभय दिले. 13 नोव्हेंबर 2024 च्या ‘बुलडोझर’ निकालात न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केली. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरचे अनधिकृत बांधकाम त्यातून स्पष्टपणे वगळले. त्याआधीच्या सुनावणीत, रस्त्याच्या मधोमध मंदिर असो वा दर्गा, ते हटलेच पाहिजे, असेही खंडपीठाने म्हटले होते. तेव्हा ‘सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझर बंद केलाय’ असे सांगत पदपथावरच्या बांधकामाचा बचाव करणाऱ्यांनी निकाल पुन्हा वाचावा. तसेच 1991 च्या प्रार्थनास्थळ कायद्याचे. 15 ऑगस्ट 1947 ला जे स्थळ ज्या धर्माचे होते ते तसेच राहील, एवढे तो सांगतो. अतिक्रमणाशी त्याला कर्तव्य नाही.

राज्यकर्ते या पेचातून सुटण्यासाठी काय करतात हे दोन ठिकाणी छान दिसले. कर्नाटकात 2021 च्या सप्टेंबरात, म्हैसूर जिल्ह्यातल्या नंजनगुड तालुक्यात हुच्चगणीचे देऊळ न्यायालयीन आदेशांचा आधार घेऊन पाडले गेले. सत्ताधारी भाजपच्याच लोकांनी आरडाओरड केली. त्याच महिन्यात विधिमंडळाने कायदा केला, की सार्वजनिक जागांवरच्या तोवर उभ्या असलेल्या धार्मिक बांधकामांना संरक्षण. एका फटक्यात सारा वाद ‘सुटला’. पदपथावरून चालणाऱ्याला त्या कायद्यात स्थान नाही.

दुसरी दिल्ली. चांदणी चौकाच्या पुनर्विकासात आड येणारे हनुमान मंदिर 2021 च्या जानेवारीत न्यायालयाच्या आदेशावरून हटवले, आणि फेब्रुवारीत एका रात्रीत जवळच पोलादी सांगाड्याचे नवे मंदिर उभे राहिले. सगळ्या पक्षांनी जाऊन दर्शन घेतले. त्याच दिल्लीत तुघलकाबादचे संत रविदासांचे, म्हणजे आपल्या रोहिदास महाराजांचे मंदिर ऑगस्ट 2019 मध्ये वनजमिनीवरचे म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडले गेले. पंजाबापासून दलित समाज पेटून उठला, रामलीला मैदानावर प्रचंड जमाव जमला. काही आठवड्यांत केंद्र सरकारनेच जागा देऊ केली आणि शेवटी 400 चौरस मीटर मंदिरासाठी मंजूर झाली. दलितांच्या बाबतीत निर्णय फिरवावा लागला याचा मला आनंदच आहे. पण मग तीच जागा पाडण्याआधी का देता आली नाही, हे कुणी सांगितले नाही.

गर्दी जमवता येते त्याला जागा मिळते आणि ज्याच्यामागे गर्दी नाही त्याची नुसती यादी होते, असा धडा प्रत्येक पाडकामातून लोक शिकत असतील तर पुढचे पाडकाम अधिक कठीण होणारच. म्हणून मला यात मंडळांपेक्षा मोठा दोष पालिकांचा वाटतो. मंडळाचे कार्यकर्ते बांधतात, कारण त्यांना बांधू दिले जाते. प्रत्येक प्रभागात पदनिर्देशित अधिकारी असतो, त्याच्या हाताखाली मुकादम असतो, रोजची फेरी असते. पहिल्या आठवड्यात जे काम दोन माणसे आणि एक हातगाडी करू शकते, त्यासाठी वीस वर्षांनी राखीव दलाच्या तुकड्या लागतात. अनधिकृत बांधकामाकडे डोळेझाक करणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षेची तरतूद कायद्यात आहे. तिची अंमलबजावणी झाल्याचे किती जणांनी ऐकले असेल?

आपल्या प्रभागातल्या धार्मिक स्थळांची वर्गवार यादी महापालिकेत असते. माहितीच्या अधिकारात ती मागता येते. आपल्या श्रद्धेचे जुने स्थळ तिच्यात चुकून ‘ब’ वर्गात पडले असेल तर मालमत्ता पत्रकाचा उतारा आणि भूमापनाचा नकाशा जोडून मुदतीत हरकत नोंदवा. मोर्चा नेण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. आणि पदपथावर नवे काही उभे राहताना दिसले, मग ते कुणाच्याही देवाचे असो, तर प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका. 29 सप्टेंबर 2009 नंतरच्या बांधकामाला नियमित करण्याचा अधिकार 2011 च्या धोरणाखालच्या कुठल्याही समितीला नाही.